विजेरीची जलरोधकता : बटण आणि मागचे झाकण

विजेरीत पाणी मुख्यतः तीन वाटांनी शिरते : काचेभोवतीची फट, मागच्या झाकणाचे आटे आणि बटणाचे भोक. पहिल्या दोन वाटा रबरी रिंगने बंद होतात. बटण हा सतत हलणारा भाग असल्याने खरा कस तिथे लागतो.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या पट्ट्यात हा प्रश्न पावसाळ्यात उभा राहतो. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या लोखंडी पुलापाशी यमुना २०८.६६ मीटरवर पोचली; १९७८ चा उच्चांक २०७.४९ मीटरचा होता. पुढच्याच वर्षी २८ जूनला सफदरजंग केंद्रावर चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा वेळी तळघरे आणि भुयारी रस्ते तुंबतात, वीज जाते आणि विजेरी हातात घेऊनच पाण्यात उतरावे लागते.

सरकते बटण : जुन्या पितळी व पत्र्याच्या विजेऱ्यांत आणि भिंतीच्या सॉकेटात खोचून चार्ज होणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकच्या टॉर्चमध्ये हेच असते. बटण जितके सरकते तितकी लांब खाच कवचात ठेवावी लागते. तिला रबर लावून बंद करणे जवळजवळ अशक्य. अशी विजेरी रिमझिम पाऊस तेवढा सोसते. तरी या खाचेचा एक फायदा आहे. सेलमधून कधीकधी हायड्रोजन वायू सुटतो, तो इथून निघून जातो. पूर्ण बंद विजेरीत तो साचला तर स्फोटाचा धोका असतो.

मागचे दाबबटण : झाकणाच्या टोकाला रबरी टोपी आणि तिच्याखाली खटका. टोपीची कड आतल्या चकतीखाली घट्ट आवळलेली असेल तर ही रचना भरवशाची. खोल पाण्यात मात्र तिची मर्यादा उघड होते. बारा मिलिमीटर व्यासाच्या टोपीवर एक मीटर खोलीला शंभर-सव्वाशे ग्रॅमचा भार येतो, दहा मीटरला सुमारे एक किलोचा. तेवढ्याने खटका आपोआप दाबला जाऊ शकतो. दिल्लीच्या कडक उन्हात रबर तडकते. ती चीर नखाने टोपी ताणल्याशिवाय दिसत नाही.

पिळण्याचे झाकण : झाकण आवळले की दिवा लागतो, सैल केले की विझतो. इथे बटणाचे भोकच नसते, म्हणून पाण्याची एक वाट मुळातच कमी. सगळी भिस्त आट्यांजवळच्या रिंगवर. ती प्रत्येक पिळीला घासते, त्यामुळे तिला सिलिकॉन ग्रीस हवे. रिंगच सिलिकॉनची असेल तर मात्र ते ग्रीस तिला फुगवते. पाण्याखाली झाकण जास्त सैल केले तर रिंग जागा सोडते आणि पाणी आत येते.

चुंबकी बटण : बाहेरच्या कड्यात चुंबक, आत त्याला ओळखणारा संवेदक, कवचाला छिद्र नाही. पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या दिव्यांत ही रचना बरीच वापरतात. गाळ अडकला तर कडे जाम होते, दिवा मात्र कोरडा राहतो.

बाजूचे इलेक्ट्रॉनिक बटण असलेल्या चार्जिंगच्या विजेऱ्यांत बटणापेक्षा चार्जिंगच्या भोकावरचे रबरी बूच अधिक दगा देते. ते अर्धवट बसले की खोक्यावरच्या जलरोधकतेच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

तो आकडा आयईसी ६०५२९ या मानकाचा. आयपीएक्स-४ म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आयपीएक्स-८ म्हणजे त्याहून कठीण, निर्मात्याने सांगितलेल्या खोलीची कसोटी. बुडवण्याची कसोटी स्थिर, स्वच्छ पाण्यात होते. तापलेली विजेरी थंड पाण्यात बुडवली की आतली हवा आकसून पाणी ओढते, तो प्रकार वेगळा.

शिरलेले पाणी विजेरी लगेच बंद पाडतेच असे नाही. स्प्रिंग आणि संपर्कपट्ट्या नंतर गंजतात, सांडपाणी असेल तर लवकर. भिजलेल्या विजेरीतले सेल त्याच दिवशी काढावेत, आतला भाग पुसून झाकण उघडे ठेवावे आणि रिंग तपासूनच पुन्हा बंद करावे.