तळटीप १४ : एल्फिन्स्टनचा पूल

१४. एल्फिन्स्टनचा पूल – पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड (जुलै २०१८ पासून प्रभादेवी, लोकांच्या तोंडी अजून जुनेच नाव) आणि मध्य रेल्वेचे परळ यांना जोडणारा अरुंद पादचारी पूल. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसामुळे जिन्यावर खोळंबलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन २३ जण दगावले. जखमींना जवळच्या केईएम रुग्णालयात नेले होते. अशा दुर्घटनांत बहुतेक बळी पायांखाली तुडवले गेल्याने नव्हे, तर श्वास कोंडून जातात. चहूबाजूंच्या दाबाने छाती फुगूच शकत नाही. चेहरा व मान जांभळी पडते, डोळ्यांत रक्ताचे ठिपके उमटतात, अंगावर मात्र पुष्कळदा जखम दिसत नाही. म्हणूनच लेखक येथे आधी दाब हटवून श्वास तपासायला सांगतात.