पूर्वनिर्धारित मजकूर संपादक (लिनक्स)

लिनक्स संगणकप्रणालीत साध्या मजकुराची फाइल उघडताना जो संपादक आपोआप सुरू होतो, त्यास पूर्वनिर्धारित मजकूर संपादक किंवा डीफॉल्ट टेक्स्ट एडिटर असे म्हणतात. डेस्कटॉप आणि टर्मिनल यांच्यासाठी ही निवड स्वतंत्रपणे नोंदलेली असते. एकीकडे केलेला बदल दुसरीकडे आपोआप लागू होत नाही.

डेस्कटॉपवरील निवड

प्रत्येक फाइलचा एक माइम प्रकार ठरलेला असतो. साध्या मजकुराचा प्रकार 'टेक्स्ट/प्लेन' हा होय. फाइलवर उजवी कळ दाबून 'ओपन विथ' या पर्यायातून हवा तो संपादक कायमचा निवडता येतो. ही निवड वापरकर्त्याच्या 'कॉन्फिग' या अदृश्य फोल्डरातील 'माइमॲप्स डॉट लिस्ट' या फाइलीत साठवली जाते. 'एक्सडीजी-माइम' या आज्ञेनेही ती बदलता येते. एचटीएमएलसारख्या फाइलींचा माइम प्रकार वेगळा असल्याने त्यांची निवड वेगळी करावी लागते. केडीई डेस्कटॉपसोबत केट व केराइट, तर एक्सएफसीईसोबत माउसपॅड हे संपादक येतात. ग्नोमने २०२२ मध्ये जीएडिटच्या जागी नवा संपादक स्वीकारला.

टर्मिनलमधील निवड

टर्मिनलमधील अनेक आज्ञा 'व्हिज्युअल' व 'एडिटर' ही परिवेश चले पाहतात. पूर्वी 'एडिटर' हे ओळीगणिक चालणाऱ्या, तर 'व्हिज्युअल' हे पूर्ण पडदा वापरणाऱ्या संपादकासाठी असे. आज बहुधा दोन्हींना एकच मूल्य देतात. डेबियन व उबुंटूमध्ये 'सिलेक्ट-एडिटर' या आज्ञेने वापरकर्त्यापुरती, तर 'अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज'ने संपूर्ण प्रणालीसाठी निवड करता येते.

घ्यावयाची काळजी

बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिलेला व्हीआय किंवा त्याचा वारसदार व्हिम अनपेक्षितपणे उघडल्यास नवशिक्यास बाहेर पडता येत नाही. अशा वेळी एस्केप कळ दाबावी, अपूर्णविराम, क्यू व उद्गारचिन्ह क्रमाने टंकून एंटर दाबावे; बदल न जतन होता संपादक बंद होतो.

चित्रमय संपादक टर्मिनलसाठी निवडल्यास त्यास 'वेट' हा पर्याय जोडणे आवश्यक ठरते. अन्यथा संपादकाची आज्ञा तत्काळ संपते, लेखन पूर्ण झाल्याचे गिट गृहीत धरते आणि रिकाम्या संदेशामुळे नोंद रद्द होते.

प्रशासकीय अधिकारांची 'सुडोअर्स' फाइल मात्र कोणताही संपादक थेट वापरून बदलू नये. तीत चूक राहिल्यास 'सुडो' आज्ञाच बंद पडू शकते. त्यासाठी असलेली 'व्हिसुडो' ही आज्ञा जतन करण्यापूर्वी व्याकरण तपासते.