पटावरचं मूल कोणत्या रकान्यात?

आमच्या वर्गात एक मुलगा होता. परभणी जिल्ह्यातली गावची शाळा. दिवाळीची सुट्टी संपली की पुढचे आठ-दहा दिवस तो वर्गाच्या उंबऱ्यावरच उभा राहायचा. जागा बदलली तर कानावर हात ठेवून ओरडायचा. पाढे मात्र तिसापर्यंत तोंडपाठ. गुरुजी म्हणायचे, "जरा येडं हाय, राहू द्या त्याला तिथंच." चौथीनंतर तो दिसला नाही.

आज असं मूल कागदपत्रांत शोधायचं तर कुठं शोधाल? त्यासाठी आधी रकान्यांचा इतिहास बघावा लागतो.

1872 ते 1931 च्या जनगणनांत वेडे, मूकबधिर, आंधळे आणि कुष्ठरोगी मोजले जात. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरून ऑटिझमचं वर्णन लिहिलं ते 1943 साली. म्हणजे त्याआधीचं न बोलणारं मूल बहुधा 'मुकं' ठरलं असणार, नाहीतर 'वेडं'. 1941 पासून हा प्रश्नच गळला, 1981 ला आला, 1991 ला परत गेला. 2001 ला अपंगत्वाचे पाच प्रकार, 2011 ला आठ. ऑटिझमला स्वतंत्र रकाना दोन्हींत नाही.

कायद्याचंही तसंच. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात नाव आलं, पण दाखला हवा तर तो सहसा 'मतिमंद' म्हणूनच मिळे. 2016 च्या कायद्यानं यादी 21 वर नेली. त्याच वर्षी दाखल्यासाठी जी चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी ठरली ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली. (1948 पर्यंत आपला कारभार हैदराबादेतून चालायचा, मोजपट्टीही तिकडूनच आली!)

इथं नवखा संशोधक हमखास फसतो. जुन्या पटावर ऑटिझम शून्य, नव्यावर दोन-चार, की लगेच लिहून मोकळा: "प्रमाण वाढले." अमेरिकेतल्या शाळांच्या कायद्यात ऑटिझमचा वर्ग 1990 साली आला. पॉल शॅटक यांनी 2006 मध्ये दाखवलं की तिकडे ऑटिझमचा आकडा चढत असताना मतिमंदत्वाचा उतरत होता. बरीचशी मुलं तीच, रकाना बदललेला.

आता अलीकडचं बघा. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले 1 डिसेंबर 2021 ला, जानेवारीत पुन्हा बंद, 24 जानेवारीपासून पुन्हा सुरू. एका बाकावर एक मूल, तोंडाला मास्क, काही ठिकाणी दिवसाआड शाळा. ज्याला दिवाळीच्या सुट्टीनंतरच आठवडाभर उंबरा ओलांडता येत नाही, त्याच्यासाठी हे काय असेल? त्याला लागणारी मदत तशी साधी असते. शाळा उघडण्याआधी वर्गाचे फोटो दाखवणं, पहिले काही दिवस तासभरच बसवणं, जागा तीच ठेवणं, घंटा वाजायच्या आधी सांगणं. पण ती मिळायला कुणीतरी मुलाला ओळखलेलं असावं लागतं.

हजेरीपटात यातलं काही सापडत नाही, तिथं फक्त 'गैरहजर'. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक घरी, शाळेत भेटी देतात, त्या भेटींच्या नोंदी मागा. आणखी एक तपासा. 2012 च्या दुरुस्तीनं शिक्षणहक्क कायद्यात तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा हक्क दिला. पटावर 'गृहाधारित' लिहिलेलं मूल त्या हक्कानं घरी आहे, का त्याला कुणी परत बोलवायलाच गेलं नाही, हे पालकांना भेटल्याशिवाय कळत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी आमच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघितलं. त्याचं नाव सापडलं. वर्तणूक: बरी. शाळा सोडल्याचे कारण: सतत गैरहजर.