चौकाची भिंत

ठाण्याच्या घरात बैठकीच्या भिंतीवर वारली चित्र काढून घ्यायचं आम्ही ठरवलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडकडच्या एका पाड्यावरून चित्रकार आला. मी त्याच्यापुढे चौकाचा छापील नमुना ठेवला. त्याने तो पाहिला आणि विचारलं, "बाई, घरात लग्न आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग चौक नाय काढायचा. झाडं काढू."

डहाणू तालुक्यात मी बावीस वर्षं शिकवलं. मुलांच्या घरी लग्नाला गेले, चौक पाहिले. तरी हे मला त्याच्याकडून ऐकावं लागलं, याचं वाईट वाटतं.

वारली आदिवासींच्या घरात हे चित्र हौसेचं नव्हतं. लग्न निघालं की कारवीच्या कुडावर शेणाचं सारवण, त्यावर गेरू. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचा. काढणाऱ्या सवाशिणी. मधोमध चौक, म्हणजे नक्षीची चौकट, चौकात पालघट देवी. पिकापाण्याची आणि लेकराबाळांची ती देवी. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. भोवती ताडाची झाडं, मोर, खारी, मुंग्यांची रांग, नांगर धरलेला माणूस. रान आणि शेत लग्नाला हजर हवं, म्हणून ते भिंतीवर. लग्न लावणारीही बाईच, धवलेरी. ती गाणी म्हणते आणि विधी चालवते. पालघट भिंतीवर आल्याशिवाय लग्न लागत नाही. पुढे सारवण बसलं की चित्र गेलं, त्याची कुणाला हळहळ नसे.

त्या भिंतीला खर्च मूठभर तांदळाचा. लग्नाला मात्र आयुष्य जाई. जेवण, ताडी, लुगडी यांसाठी वारली सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घेई आणि ते फेडण्यासाठी नवराबायको त्याच्या घरी राबत. अशा गड्याला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज फिटत नसे, मग मुलंही राबत. किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात नोंदवलं आहे. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली उठले तेव्हा वेठीबरोबर लग्नगडीची पद्धतही मोडली. पण पैशाची चणचण राहिलीच. लग्न न लागता संसार थाटायचा आणि हातात पैसा आला की, मुलंबाळं झाल्यावरही, चौक काढून विधी करायचा, अशी जोडपी मला भेटली आहेत. एका मुलाने शाळेत रजा मागितली होती ती आईबापाच्या लग्नासाठी. ती भिंत मी पाहिली आहे. धुराने काळवंडलेल्या त्या खोलीत तांदळाच्या रेघा उजळून दिसत होत्या, आणि त्यामागे किती वर्षांचं थांबणं होतं ते मला माहीत होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा मशे लग्नावाचूनही, रोज चित्रं काढू लागले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. त्यांचं पाहून पुरुषांचे हात या कामात आले आणि चित्राला बाजार मिळाला. तो मिळाला हे चांगलंच झालं, पाड्यावर त्यातून चार पैसे आले. पण सवाशिणींची नावं फारशी लिहिली गेली नाहीत, ही माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव आहे.

आमच्या भिंतीवरचा तेलकट रंग आधी घासून काढावा लागला, त्यावर गेरू धरेना. चौथ्या दिवशी काम सुरू झालं. चित्रकाराने झाड जमिनीपासून काढायला घेतलं. आधी मूळ, मग खोड, फांद्या, आणि शेवटी पाखरं. सोबत त्याची बायको आली होती. भातलावणीच्या बाया तिने काढल्या, वाकलेल्या, एका ओळीत.

तुम्ही अशी भिंत करून घेणार असाल तर पाड्यावरच्या माणसांना बोलवा, घासाघीस करू नका. रान मागा, शेत मागा, तारपा या वाद्यावरचा नाच मागा. पालघट मागू नका. आणि काम झाल्यावर चित्र काढणाऱ्या सगळ्यांची नावं भिंतीवर लिहून घ्या.