इरिटेबल बॉवेल सिंड्रोम आणि आहार

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (आयबीएस) हा आतड्याच्या कार्यातील दीर्घकालीन बिघाड आहे. पोटात वारंवार दुखणे, पोट फुगणे आणि जुलाब, बद्धकोष्ठता किंवा दोन्ही आलटून पालटून होणे ही त्याची मुख्य लक्षणे होत. हा विकार पूर्ण बरा करणारे औषध उपलब्ध नाही. मात्र आहारातील बदलांनी अनेक रुग्णांची लक्षणे आटोक्यात राहतात. हे बदल रोजच्या स्थानिक जेवणातूनच करावे लागतात. मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याच्या जेवणात त्रासदायक पदार्थ आणि त्यांचे पर्याय दोन्ही आढळतात.

निदान

२०१६ च्या रोम-४ निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखणे आवश्यक असते. शौचाशी संबंध, शौचाच्या वारंवारतेतील बदल आणि मलाच्या स्वरूपातील बदल यांपैकी दोन बाबी त्या दुखण्याशी निगडित असाव्या लागतात. लक्षणांची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी झालेली असावी लागते.

शौचातून रक्त पडणे, वजन घटणे, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली लक्षणे असल्यास आधी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. आमांश आणि सीलिएक या आजारांतही अशीच लक्षणे दिसू शकतात. गहू आधीच बंद केल्यास सीलिएकची रक्तचाचणी फसवी येऊ शकते. म्हणून चाचणी आहारबदलापूर्वी केली जाते.

फॉडमॅप

लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि सहज आंबणाऱ्या काही कर्बोदकांना 'फॉडमॅप' म्हणतात. ती आतड्यात पाणी ओढून घेतात. मोठ्या आतड्यातील जिवाणू ती आंबवतात व वायू तयार होतो. ताणलेल्या आतड्याची संवेदना या रुग्णांत अधिक तीव्र असल्याने वेदना जाणवते. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात या आहारपद्धतीचा विकास झाला. तिचे तीन टप्पे आहेत: दोन ते सहा आठवडे फॉडमॅपयुक्त पदार्थ कमी करणे, नंतर एकेक पदार्थ पुन्हा खाऊन पाहणे आणि शेवटी केवळ त्रासदायक ठरलेले पदार्थ मर्यादित ठेवणे.

हिंगोलीच्या आहारात

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पिठले, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी हे येथील परिचित पदार्थ आहेत. ज्वारी व तांदळात फॉडमॅपचे प्रमाण कमी असते. त्यामुळे गव्हाच्या पोळीऐवजी भाकरी हा सोपा पर्याय ठरतो. कांदा व लसूण यांत फ्रुक्टन नावाची कर्बोदके भरपूर असतात. ती पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून फोडणीच्या तेलात लसूण परतून, पाणी घालण्यापूर्वी काढून टाकल्यास स्वाद राहतो व त्रास टळू शकतो. डाळी व कडधान्ये भिजवून, ते पाणी टाकून शिजवल्यास त्यांतील फॉडमॅप घटतात. दुधातील लॅक्टोज दही विरजताना काही प्रमाणात कमी होते. तिखटामुळेही काही रुग्णांची वेदना वाढते.

इतर उपाय

ब्रिटनमधील 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शनात जेवणाच्या वेळा नियमित ठेवणे, दीर्घकाळ उपाशी न राहणे आणि दिवसाला तीन कपांपेक्षा अधिक चहा-कॉफी न घेणे, असा सल्ला आहे. इसबगोलासारखा विद्राव्य तंतू उपयुक्त ठरू शकतो. गव्हाच्या कोंड्याने मात्र काहींचा त्रास वाढतो.

मर्यादा

पहिला टप्पा कायम चालू ठेवल्यास पोषण बिघडू शकते. शाकाहारी कुटुंबांत डाळी हाच प्रथिनांचा प्रमुख स्रोत असल्याने त्या सरसकट सोडल्यास प्रथिनांची कमतरता संभवते. गर्भवती, लहान मुले व कमी वजनाच्या व्यक्तींनी हा आहार वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावा, असे सांगितले जाते. प्रत्येक रुग्णास सोसणारे पदार्थ वेगळे असतात. त्यामुळे खाल्लेले पदार्थ व लक्षणे यांची रोज नोंद ठेवणे उपयुक्त ठरते.