दीवचे बेट आणि ‘चोरटा’ व्यापार

सोळाव्या शतकातील गुजरातच्या सागरी व्यापाराविषयी लिहिताना ‘चोरटा व्यापार’ हा शब्द सहज वापरला जातो. हा शब्द पोर्तुगीज दफ्तराच्या नजरेतला आहे. रांदेर, सुरत, खंबायतचे व्यापारी पोर्तुगीज येण्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून तांबड्या समुद्राकडे जहाजे नेत होते. त्यांना कोणाचा परवाना लागत नसे.

परवान्याची सक्ती करता आली ती बेटांमुळे. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटी जबर आणि पाणी उथळ, म्हणून मोठी जहाजे बाहेरच थांबत. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाचे, अरुंद खाडीने मुख्य भूमीपासून तुटलेले दीव त्यामुळे मोक्याचे ठरले. १५३० मध्ये पोर्तुगिजांनी सुरत व रांदेर जाळले. हुमायूनच्या धास्तीने सुलतान बहादुरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये त्यांना वसई व लगतची बेटे दिली, मुंबईसुद्धा! तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईत परवाना घ्यावा आणि परतताना तेथेच जकात भरावी, हे कलमही त्याने मान्य केले. पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली, आणि १५३७ मध्ये तेथेच समुद्रात बहादुरशहा मारला गेला. खुदावंदखानाने तापीकाठी सुरतेचा किल्ला बांधला, तो याच भीतीच्या काळात.

परवाना असला तरी मिरीच्या व्यापारावर बंदी होतीच. मग गुजराती व्यापारी सुमात्रातील अचेहहून मिरी भरून मालदीव बेटांमधून थेट तांबड्या समुद्रात जाऊ लागले. पोर्तुगिजांच्या लेखी ही चोरी. वर्गात हा भाग शिकवताना निदान ‘कोणाच्या लेखी’ एवढे तरी सांगावे.

हजचा प्रश्न याहून नाजूक होता. परवान्यावर मरियम व ईसा यांची चित्रे असत आणि खुष्कीचा मार्ग शिया इराणातून जाई, म्हणून हज फर्ज राहिला नाही, असा फतवा मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी दिल्याचे बदायूनी नोंदवतो. गुलबदन बेगम मात्र हजला गेल्याच, पण त्यांनाही सुरतेस परवान्यासाठी थांबावे लागले.

१६१३ मध्ये जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाज पोर्तुगिजांनी सुरतेजवळ पकडून गोव्याला नेले. त्याच्याजवळ पोर्तुगिजांचाच परवाना होता. जहांगीरने त्यांचा सुरतेतील व्यापार बंद केला व दमणला वेढा घातला. त्याच सुमारास इंग्रजांचा सुरतेत जम बसू लागला होता.