हिरकणीवाडीची दंतकथा

जिला कागदाचा पुरावा नाही, जी तोंडातोंडी चालत आली, ती दंतकथा. रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी अशाच एका दंतकथेमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गडाचे दरवाजे मिटलेले, घरी तान्हे बाळ, म्हणून अंधारात कडा उतरून गेलेली ती गवळण वाचकांना मी नव्याने सांगायला नको. मला सांगायची आहे ती शब्दशः दातांची कथा, आणि तिला कागदाचा पुरावा आहे. तोही साधासुधा नव्हे, सरकारी कायद्याचा!

माझे आजोळ हिरकणीवाडीचे. महाड तेथून पंचवीसेक किलोमीटर. आज हे अंतर कुणाच्या खिजगणतीत नाही. १९९६ पासून वाडीतून गडावर रज्जुमार्ग गेला आहे, आणि आजी ज्या गडाकडे मान वर करून पाहत असे तिथे माणूस चार-पाच मिनिटांत पोचतो. पण आजीच्या काळी पावसाळ्यात महाड गाठणे म्हणजे एक मोहीमच. दाढ दुखू लागली की आधी लवंग, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग मशेरीची चिमूट. आणि तेवढ्यानेही भागले नाही तर लोहार. आजीची दाढ साठीच्या दशकातल्या एका आषाढात लोहारानेच सांडशीने उपटली. दोघींनी खांदे धरले होते, एकीने डोके. ही हकीकत सांगताना आजी दुखण्याविषयी फारसे बोलत नसे. लोहाराच्या हाताचे कौतुकच अधिक करी.

पुढे कधीतरी १९४८ चा दंतवैद्यक कायदा माझ्या वाचनात आला आणि मी थक्क झालो. नोंदणी झालेल्या दंतवैद्याखेरीज कुणीही दातांचा धंदा करू नये, असे त्याचे ४९ वे कलम बजावत होते. मात्र त्यालाच एक अपवाद जोडलेला होता. निकड असेल आणि नोंदलेला दंतवैद्य मिळण्यासारखा नसेल, तर कोणीही माणूस दुसऱ्याचा दात काढू शकत असे. अट एकच : भूल द्यायची नाही, पुरती नाही आणि जागेपुरतीही नाही. म्हणजे आमचा लोहार कायद्याच्या चौकटीत अगदी चपखल बसत होता. त्या बिचाऱ्याला याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते, आणि खांदे धरणाऱ्या बायकांना तर नव्हतेच.

हे कलम निर्दयपणाचे वाटेल, पण त्या दिवसांचा हिशेब पाहावा. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाप्रमाणे साऱ्या हिंदुस्थानात शिकलेले दंतवैद्य होते सुमारे १,०००. तीन लाख माणसांमागे एक. त्या मानाने आमच्या कुलाबा जिल्ह्याच्या वाट्याला दोन-तीन आले असते, आणि तेही महाडच्या वर कशाला चढतात? मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली निघाले होते खरे. पण बाजारात चटई टाकून, उपटलेल्या दातांची रास समोर मांडून बसणारे त्याहून कितीतरी जुने. कायद्याने तडजोड केली. नोंदवहीचे दोन भाग पाडले. 'अ' भागात पदवीधर; 'ब' भागात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरलेले. अनेक पदवीधरांना ही तडजोड रुचली नसणार. मला मात्र ती शहाणपणाची वाटते. त्या सगळ्यांना एका रात्रीत उठवले असते, तर रोग्यांनी जावे कुठे?

भुलीलाच मनाई का, याचा माझा कयास असा. भूल म्हणजे औषध आणि बहुधा सुई. औषध चुकले तर जीव जातो, आणि सुई मळकी असेल तर एकाचा रोग दुसऱ्याच्या रक्तात उतरतो. पण मग सांडशीचे काय? ती धुतलेली की गंजलेली, याविषयी त्या अपवादात अक्षर नव्हते. हात कुणाचा हे कायद्याने विचारले. हातातले हत्यार कसे आहे हे विचारले नाही.

वास्तविक उत्तर फार आधीच सापडलेले होते. उकळत्या पाण्यात, म्हणजे १०० अंशांवर, बहुतेक जंतू मरतात; पण धनुर्वाताच्या जंतूसारखे काही बीजरूपाने तग धरतात. म्हणून पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८७९ साली दाबाखालच्या वाफेचे भांडे केले. आपल्या घरातल्या कुकरचे ते थोरले भावंडच. १५ पौंड दाब, १२१ अंश उष्णता, १५ मिनिटे. की बीजेही संपली. यंत्र जुने, तत्त्व सोपे. अडचण एकच, की खुर्चीत 'आ' करून बसलेल्या माणसाला ते दिसत नाही. सरकारी रुग्णालयात निदान वरचा अधिकारी तरी डोकावतो. खासगी दवाखान्यात दार लोटले की आत डॉक्टर, मदतनीस आणि त्यांची सचोटी.

जगाला जाग आली ती १९९० च्या सुमारास. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या एका दंतवैद्याकडून त्याच्या रोग्यांना एड्सच्या विषाणूची बाधा झाल्याचे उघड झाले. विषाणू नेमका कोणत्या वाटेने गेला, ते शेवटपर्यंत ठरले नाही. पण हातमोजे, मुखपट्टी आणि वाफेचे भांडे यांकडे डोळेझाक करणे अवघड झाले. दात कोरणारे यंत्रही थांबताना लाळेचा अंश आत ओढू शकते, म्हणून नुसते पुसून भागत नाही, तेही वाफेत घालावे लागते, हा आग्रह वाढला. आपल्याकडे १९९८ मध्ये रुग्णालयांच्या कचऱ्याचे नियम आले, २०१६ मध्ये ते नव्याने झाले : रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुया न भोसकता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात. क्ष-किरणाचे यंत्र बसवायचे तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदाही संमत केला.

आणि हिरकणीवाडी? मध्यंतरी मामीला घेऊन मी महाडच्या एका खासगी दवाखान्यात गेलो होतो. मामी तोंड उघडीना. म्हणाली, "डॉक्टर, तुमची सांडशी उकळलेली आहे का हो?" मी ओशाळलो. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कागदी पाकीट आणले, त्यावरची पट्टी दाखवली आणि सांगितले, "आजी, वाफ पुरेशी लागली की ही पट्टी काळी होते. आधी ही बघा, मगच मी फोडते." मामीने पाकीट चष्म्याजवळ नेऊन उलटसुलट करून पाहिले. मग माझ्या हातात पिशवी दिली आणि तोंड उघडले.